एका कानाची बुगडी

मित्रांनो, मी एक जुनी बुगडी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मला नीट पाहिलंही नसेल. कानाच्या मऊ पाळीत डूल आणि रिंगा बसतात. माझी जागा त्यांच्या वर, कानाच्या कडेवर, जिथे हात लावला तर वाकणारी कडक कूर्चा लागते. बुगडी कधी एकटी घडवत नाहीत. आम्हीही दोघी होतो. मी डाव्या कानाची आणि माझी बहीण उजव्या कानाची.

अमडापूरच्या एका सोनाराने आम्हाला सत्यभामाबाईच्या लग्नासाठी घडवलं. मधे एक लाल खडा, भोवती मोती आणि मागे फिरकी. बहिणीच्या खड्यात केसासारखी एक पांढरी रेघ होती. सोनार तो बदलून देणार होता, पण सत्यभामाबाई म्हणाली, "राहू द्या. यानं डावी-उजवी ओळखू येईन."

तिने आम्हाला कधी जपून ठेवलं नाही, वापरलं. वांग्याच्या वाफ्यात खुरपताना आम्ही तिच्या कानावर असायचो, आठवडी बाजारात भाजीचा ढीग लावतानाही असायचो. गिऱ्हाईक बाया भाव करता करता थांबून विचारायच्या, "कुठून केल्या व बाई बुगड्या?" तेव्हा ती मान जराशी वळवून दोन्ही कान दाखवायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग काळ बदलला. शहरातल्या एका लग्नात कुणी पोरगी हसून म्हणाली, "काकू, हे आजकाल कोणी घालत नाही." घरी आल्यावर सत्यभामाबाईने फिरक्या काढल्या आणि आम्हाला कापसात गुंडाळून कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. आम्ही अंधारात पडून राहिलो, पण एकमेकींना टेकून होतो. त्यामुळे मला त्याचं फारसं दुःख वाटलं नाही.

सत्यभामाबाईला दोन मुली. थोरली पुष्पांजली आईबरोबर भाजीचा मळा सांभाळायची. धाकटी काजल अभ्यासात हुशार, तिला नर्स व्हायचं होतं. एकदा लोणारला नात्यातल्या लग्नात दोघींनी नवरीच्या कानावर बुगड्या पाहिल्या. फॅशन परत आली होती. घरी येताच दोघी आईच्या मागे लागल्या.

"एकीले देऊ अन् एकीले नाही, असं कसं करू?" सत्यभामाबाई म्हणाली.

"एकेक दे," पुष्पांजली म्हणाली. "मी डावा कान टोचते, काजल उजवा. महालक्ष्म्यांले दोघी शेजारी बसलो का जोडी पुरी."

आईने काजलकडे पाहिलं. "तुले पटते का? मनात नसन तं आताच सांग."

"पटते," काजल म्हणाली. तिने बहिणीचा हात हातात घेतला होता. मी उघड्या करंड्यातून ते पाहिलं आणि मला ते खरं वाटलं.

दोघी चिखलीला सिंधूताईंच्या कान टोचायच्या दुकानात गेल्या. आम्ही दोघी पुष्पांजलीच्या पर्समध्ये होतो. दुकानात भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं आणि त्यावर टोचायच्या जागा दाखवल्या होत्या. सिंधूताईंनी बोट ठेवून समजावलं, "ही वरची कडा, हेलिक्स. बुगडी इथंच शोभते. हे कानाच्या भोकासमोरचं टोक, याले ट्रॅगस म्हणतात. इथं बारीक खडाच बसते. अन् हा आतला खळगा, इथंबी टोचतात आजकाल. पाळीसारखं नाही हे, कूर्चा भरायले लय महिने घेते. कोन्ती जागा ते पक्कं ठरवा, मंगच टोचते."

काजल ट्रॅगसच्या चित्रापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली. "हे दुखते का जास्त?" तिने विचारलं.

"तुले तेच करायचं आहे का?" पुष्पांजलीने सरळ विचारलं. "करायचं असन तं कर. आईले मी समजावते."

"नाही ताई, बुगडीचंच करू. तू पहिले बस."

पुष्पांजली बसली. सुई आत गेली तेव्हा तिने डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. रक्ताचा एक थेंब पाहून काजल मागे सरकली. "परीक्षा झाली का टोचते," ती म्हणाली. "आईले आताच सांगू नको. माही बुगडी मात्र मले दे, संगं नेते."

पुष्पांजलीने विश्वासाने माझी बहीण तिच्या तळहातावर ठेवली. आम्ही पहिल्यांदाच वेगळ्या झालो. काजल नर्सिंगच्या वसतिगृहात राहायला बुलडाण्याला गेली आणि बहीणही तिच्याबरोबर गेली.

मित्रांनो, पुढचे महिने पुष्पांजलीने जे सोसलं ते मी पाहिलं आहे. कान सुजला. ती एकाच कुशीवर झोपायची. सकाळ-संध्याकाळ उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम पुसायची, वेणीचे केस अडकू नयेत म्हणून अंबाडा बांधायची. फोनवर रोज दोघींचं बोलणं व्हायचं.

"टोचला का व?"

"हाव ताई, टोचला. भरून राह्यला."

"दुखते का?"

"तुह्याएवढंच."

हे ऐकून पुष्पांजलीला धीर यायचा. आपण एकटी सोसत नाही, असं तिला वाटायचं. अखेर तिचा कान भरला आणि मी पुन्हा माणसाच्या कानावर चढले. मी बहिणीची वाट पाहू लागले.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी काजल एसटीने घरी आली. डोक्याला स्कार्फ होता. पुष्पांजलीने हसत हसत तो सोडला आणि तिचा हात तसाच थांबला. काजलच्या उजव्या कानाची वरची कडा कोरी होती. पुढच्या टोकावर, ट्रॅगसवर, सोन्यात बसवलेला बारीकसा खडा चमकत होता. खडा लाल होता. त्यात केसासारखी पांढरी रेघ होती.

मी बहिणीला ओळखलं. तेवढीच ती उरली होती.

"बुगडी कुठी आहे?" पुष्पांजलीने विचारलं.

"मोडून हे केलं," काजल खाली पाहत म्हणाली. "खडा घासून बारीक केला. ड्युटीवर बुगडी घालू देत नाहीत. अन् माह्या वाट्याचीच होती ना ते."

"मंग रोज फोनवर मले काय सांगत होती?"

"तू नाही म्हटली असती."

"मोडायले नाहीच म्हटली असती," पुष्पांजली म्हणाली. "भांडलीबी असती. पन तू विचारलंच नाही. मी इकडून तुह्याबी कानाची काळजी करत होती."

सत्यभामाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती जवळ आली, काजलची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि तो खडा बराच वेळ पाहिला. "तुले शोभते," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिलेच सांगतलं असतं, तं असा नवा करून देला असता. हे काऊन मोडली?"

काजल रडू लागली. दुसरी बुगडी घडवून देते, अगदी तशीच, असं म्हणू लागली. पुष्पांजलीने मान हलवली. "सोनं येईन, भरोसा थोडाच येईन. राहू दे."

दुसऱ्या दिवशी दोघी शेजारी बसल्या. आलेल्या बायांनी विचारलं, "दुसऱ्या कानात काऊन नाही घातली?" पुष्पांजली म्हणाली, "एकच आहे." तिने बहिणीचं नाव घेतलं नाही. काजलने मात्र हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती उठून आत गेली.

आता फोन येतो तेव्हा पुष्पांजली "बरी आहे, तू कशी आहे" एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

मित्रांनो, मला ट्रॅगसचा राग नाही. कान तुमचा आहे. कडेवर टोचा, टोकावर टोचा, नाहीतर टोचूच नका. टोचलात तर स्वच्छ हातांनी जपा, कूर्चा सावकाश भरते. पण कुणी तुमच्या शब्दावर विसंबून आपला कान पुढे केला असेल, तर मन बदलताक्षणी त्याला सांगा. तो रागावेल, रागावू द्या. पुष्पांजलीचा कान भरला, पण काजलचा फोन वाजला की तिचा हात अजूनही लगेच पुढे होत नाही.