आधी नंबर, मग नाव

मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या पत्र्याची ट्रंक आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. घोडबंदर रोडवरच्या या चौदाव्या मजल्यावर मला पलंगाखाली ढकललेलं आहे. तिथून फक्त पावलं दिसतात. गेले आठ दिवस माझ्या मालकाच्या नातीची, मायाची पावलं माझ्याभोवती जरा जास्तच घुटमळत होती. काल तर तिने मला टेपने मोजलं. भंगारवाल्याला माप सांगायचं असणार, दुसरं काय!

एकाहत्तरच्या लढाईत मी जगन रोकडे या माझ्या मालकाबरोबर, सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेश विभागातल्या जवानाबरोबर, सीमेवर होते. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात आधी त्याचा नंबर लिहिला, मग नाव. सैन्यात एका नावाचे दहा सापडतात, एका नंबरचा एकच. पुढे जगन कल्याणच्या एका दैनिकात बातमीदार झाला आणि माझ्या पोटात गणवेशाच्या जागी कात्रणं आली. लोक म्हणत, रोकड्यांची बातमी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ऐकून मी फुगत असे.

मग कारगिलची लढाई आली. मोहने गावचा जवान धाकू गेला, असं कुणीतरी फोनवर कळवलं. अंक छपाईला चालला होता. जगनने नाव जुळवलं, तालुका जुळवला आणि बातमी दिली. नंबर विचारायचा राहिला. सैन्यात हजारो निरोप नंबर पाहून पाठवणारा माणूस, पण घाईत तोच चुकला! धाकूच्या बायकोने, मालनने, बांगड्या फोडल्या. नवव्या दिवशी धाकूचं ताज्या तारखेचं पत्र आलं; गेला होता तो त्याच नावाचा दुसरा. जगन माफी मागायला मोहन्याला गेला, तर मालनने दार उघडलं नाही.

तेव्हापासून तो माझ्यासारखाच संशयी झाला. त्याने एक वही सुरू केली. आसपासचा जो मुलगा सैन्यात जाई, त्याच्या घरून नंबर लिहून आणी. निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. घरचे हसत. मला मात्र त्या वहीची काळजी होती, कारण रद्दीवाल्याला वही आणि कात्रण सारखंच.

आज दुपारी मायाच्या मागोमाग शेजारच्या शीला म्हात्रेंची अनवाणी पावलं आत आली. त्यांचा मुलगा नील सैन्यात, सीमेवर आहे, आणि तिथे चार दिवस गोळीबार चाललाय.

"आजोबा, ग्रुपवर शहिदांची यादी फिरतेय. त्यात नील म्हात्रे आहे."

"त्याचा फोन पण लागत नाय, काका."

"नंबर काय लिहिलाय?" जगनने विचारलं.

"नंबर काय घेऊन बसलात? नाव आहे ना!" माया म्हणाली.

"म्हात्रे कोलशेतपासून उरणपर्यंत घरोघरी आहेत. माया, ट्रंक ओढ."

माझी कडी गंजलेली. मायाचं बोट कापलं, पण तिने झाकण उघडलंच. वही काढताना तिने ती दोन्ही हातांनी धरली, हे मी पाहिलं आणि भंगाराच्या संशयाबद्दल मनातल्या मनात ओशाळले. माया फोनवरचे आकडे वाचू लागली, जगन वहीत बोट फिरवू लागला. पहिले चार जुळले. शीलाताई भिंतीला टेकल्या.

पाचवा जुळला नाही.

"आपला नील नाही हा."

शीलाताई फरशीवरच बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. माया घाईघाईने टाइप करत म्हणाली, "खोटी बातमी म्हणून टाकते ग्रुपवर."

"खोटी कशावरून? हा आपला नील नाही, एवढंच लिही."

शीलाताईंचं हसू थांबलं. पदराने डोळे पुसत त्यांनी हळूच विचारलं, "काका, त्या पोराच्या आईला कलला असंल का?"



मित्रांनो, मला रंग लावा न लावा, उद्या भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. वही तेवढी काढून ठेवा. आणि कुणाच्या मरणाची बातमी हातात आली, तर ती पुढे ढकलण्याआधी नंबर विचारा. तो आपल्या माणसाचा नाही निघाला, तरी लगेच पेढे वाटू नका.