सेल्वराजच्या बॅगेतला वाघ

सेल्वराज अंघोळीला गेलेला बघून चंद्रहासने कागदात गुंडाळलेला वाघ त्याच्या बॅगेत, लुंग्यांच्या घडीखाली दडवला आणि चेन ओढली. सागवानी, वीतभर वाघ. आखातातल्या अहमदीच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून महिनाभर कोरला होता. चंद्रहासच्या कोकणातल्या गावी वेशीवर असाच वाघोबा आहे; त्याला नारळ दिल्याशिवाय कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. सेल्वराजने श्रीलंकेत, जाफन्यात नवं घर बांधलं होतं. हातात दिला असता तर भिडस्त गडी नकोच म्हणाला असता.

दुपारी घरी निघालेल्या सेल्वराजचं विमान सुटलं. चहाच्या वेळी चंद्रहासने मोठ्या कौतुकाने वाघाचा फोटो फोरमनला दाखवला. रणसिंघे फोरमनही श्रीलंकेचाच, पण सेल्वराजसारखा तमिळ नव्हे, सिंहली. त्याने कप खाली ठेवला.

"हे त्याच्या बॅगेत आहे?"

"हो. घराची राखण करील."

"अरे, आमच्या झेंड्यावर सिंह आहे. वाघ तमिळ बंडखोरांच्या झेंड्यावर होता, ठाऊक नाही तुला? माझा भाऊ त्या लढाईत गेला."

"ती तर कधीच संपली ना?"

"संपली. पण तमिळ माणूस परदेशातून येतो आणि बॅगेत वाघ निघतो, म्हणजे विमानतळावर पोलीस आत बसवून विचारणारच."

"त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही!"

"हे कोण मानेल?"

करायला गेला गणपती नि झाला मारुती, अशी गत. पण हसायची सोय नव्हती. चंद्रहासने लगेच फोन लावला. सेल्वराजचा फोन बंद. तो घाईघाईने मेसेज लिहू लागला, तसा रणसिंघेने त्याचा हात धरला.

"लिहू नकोस. फोनही तपासतील."

मग चंद्रहास नुसता बसून राहिला. सहा वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसासाठी त्याला काहीएक करता येत नव्हतं.

रात्री अबू हलीफा भागातल्या त्या दोघांच्या खोलीत फोन वाजला. सेल्वराजची मुलगी, कोलंबोच्या विमानतळावरून. तिचं इंग्रजी सावकाश होतं, त्याला कळेल असं.

"अंकल, बाकी सगळे बाहेर आले. अप्पा नाही आले. त्यांच्या बॅगेत काय होतं?"

"वाघ," चंद्रहास म्हणाला. "लाकडी. मी ठेवला. त्यांना माहीत नव्हतं. फोन दे तिथल्या साहेबांना, मी सांगतो."

"कोणाला देऊ? ते काचेच्या आत आहेत."

मग ती विमानतळाच्या गलक्यापासून जरा बाजूला गेली.

"अंकल, प्लीज," ती हलकेच म्हणाली, "आता या नंबरवर फोन करू नका."

"बरं, बाय," गावाकडे लेकीला म्हणतात तसं तो मराठीतच म्हणाला. तोवर तिने फोन ठेवला होता.