एकाच नावाच्या दोन राण्या

आम्हा यहूद्यांच्या प्रार्थनाघराच्या दारावर बसवायचा दगड मी आठ दिवस खपून कोरला होता. 'राजा टॉलेमी आणि राणी क्लिओपात्रा यांच्या कल्याणासाठी, थेओजेनेस आणि सोमोएलिस यांनी बांधलं.' कुणाचं नाव आधी, यावर दोघे महिनाभर भांडले होते. शेवटचं अक्षर कोरून छिन्नी खाली ठेवतो, तोच थेओजेनेस धापा टाकत आला. गावचा मुनीमच तो, ग्रीक लिहिणारा.

"खेल्कियास, थांब! राजानं दुसरं लग्न केलंय."

"मग? पहिलीचं नाव खोडू?"

"छे! पहिलीही राणीच आहे. दोघी हव्यात."

"दुसरीचं नाव काय?"

तो जरा घुटमळला. "क्लिओपात्रा."

"दुसरीसुद्धा?"

"पहिलीची मुलगी आहे ती," तो म्हणाला. "म्हणून 'बहीण क्लिओपात्रा' आणि 'बायको क्लिओपात्रा' असं लिहायचं."

"बहीण कुणाची?"

"राजाची. म्हणजे पहिली बायकोच, पण बहीण."

"बास!" मी ओरडलो. "दगडावर बोटभर जागा नाही. तुमची नावं काढतो."

"आमची? वेडा झालास का? पैसे आम्ही घातलेत!"

घरी माझी बायको मारिन डाळ ढवळत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, दगड उलटा करा ना. मागची बाजू कोरीच आहे."

मागची बाजू तासून मी पुन्हा कोरायला घेतलं. पण दोन राण्या बसवल्यावर जेमतेम एक ओळ उरली. थेओजेनेस म्हणाला, माझं एकट्याचं घाल. सोमोएलिस आजोबा काठी आपटत म्हणाले, माझं घाल, मी वयानं मोठा. दुपारभर तेच. माझं डोकं उठलं. दोघं जेवायला गेले तेव्हा मी कोरून टाकलं: 'या गावच्या यहूद्यांनी बांधलं.'

थेओजेनेसनं वाचलं आणि तो तडक निघून गेला. वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आजोबांना मात्र ग्रीक वाचता येत नव्हतं.

"माझं नाव कुठंय रे?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलं, पण पुन्हा काठी आपटलेली मला ऐकवेना. मी 'यहूद्यांनी' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय, इथं."

"एवढं लांब?"

"ग्रीकमध्ये लांबतं, आजोबा."

ते खूश झाले. तेव्हापासून कालव्यापलीकडून कुणी पाहुणा आला, की ते त्याला दाराशी नेऊन त्याच शब्दावर काठी टेकवतात, आणि मी मान खाली घालून दुसरीकडे निघून जातो.