मरळीला धुरी

आमची सून अपर्णा पुण्याची. शिकलेली, नोकरीवाली, शांत, नीटनेटकी. तिच्यात एकच खोट होती आणि त्या खोटीने मला अगदी जेरीला आणलं होतं. तिला आमच्या घरातलं सगळं छान वाटायचं.

आमटीत मीठ विसरलं, तरी "छान झालीय, आई." भाकरी करपली, तर "छान खमंग आहे." आमच्या ह्यांनी, म्हणजे एकनाथरावांनी, तिच्यासाठी कोठीच्या बाजारातल्या फुटपाथवरून पोपटी रंगाची, वर मोर चिकटवलेली चप्पल आणली. तीही "छान आहे, बाबा" म्हणत बिचारी ऑफिसला घालून गेली. ज्याला कशातच काही खुपत नाही तो एक तर संत असतो नाहीतर पाहुणा. अपर्णा संत नव्हती. बहिणीशी फोनवर बोलताना तिची जीभ कशी सुरीसारखी चालते, ते मी दाराआडून ऐकलेलं आहे. म्हणजे उरलं दुसरं.

तिला दिवस गेले तेव्हा मला वाटलं, आता तरी तोंड उघडेल. डोहाळे कुणाला चुकलेत? मी माझ्या सासूकडे भर उन्हाळ्यात सीताफळ मागितलं होतं आणि ते मिळालं नाही म्हणून माहेरी निघून जाण्याची धमकी दिली होती. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचा कान फुटतो म्हणतात. आमच्या सारंगचा कान लहानपणी वाहायचा तो त्या सीताफळापायीच, हे मी आजही कुठल्याही डॉक्टरला तोंडावर सांगेन. पण अपर्णाचं आपलं एकच पालुपद, "काही नको, आई. सगळं छान आहे."

बघता बघता सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा रविवारच्या गाडीने ती पुण्याला जाणार होती. पाहुणी म्हणून आली, पाहुणी म्हणूनच जाणार, आणि उद्या नातवंड घेऊन येईल तीही पाहुण्यासारखीच, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मला त्या पोरीने एकदा, फक्त एकदा, काहीतरी मागायला हवं होतं.

गुरुवारी जेवताना तिने ताटाकडे बघत हळूच म्हटलं, "...ओकी."

मी ताडकन उठले आणि मोरीतलं घमेलं आणून तिच्या हनुवटीखाली धरलं. "काढ बाई, काढ. शरमू नको."

"अहो आई, ओकारी नाही," ती लाल होत म्हणाली. "न्योकी. खायची असते. काही नाही, सहज आठवलं."

मी घमेलं खाली ठेवलं. "आठवलं की खावंसं वाटलं? सच सांग."

"ऑफिसच्या कामाला स्वित्झर्लंडला गेले होते ना, तिथे खाल्ली होती. बटाट्याचे छोटे छोटे गोळे, क्रीममध्ये, आणि वरून स्मोक्ड फिश. धुरावर भाजलेला मासा. सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय." मग लगेच सावरून, "पण नको, आई. उगाच त्रास."

"काहून त्रास?" मी एवढ्या जोरात ओरडले की ह्यांना ठसका लागला. "हे लेकराचं मागणं आहे!"

सारंगने लगेच खिशातला फोन काढला. "जुबिली हिल्समध्ये एक जागा आहे, ऑर्डर करू का?"

"डोहाळे ऑर्डर करत नसतात," मी म्हटलं. शिवाय विकतचा स्मोक्ड मासा कच्चट असतो म्हणून अपर्णाच्या डॉक्टरीणबाईंनीच तो बंद केला होता. म्हणजे सगळं घरीच आणि माझ्याच हातून व्हायचं होतं. त्या रात्री मी लग्नघरासारखी उत्साहात झोपले.

शुक्रवारी सकाळी दोघं ऑफिसला गेली आणि मी कंबर कसली. हे जाऊन मासळीबाजारातून मरळ घेऊन आले, इथे तेलुगूत जिला कोरमीनू म्हणतात ती. चांगली हातभर, तोंड वासलेली आणि चेहऱ्यावर रिटायर झालेल्या हेडक्लार्कचा भाव. कापायला माझं मनच होईना. डोक्यासकट अख्खीच ठेवली.

न्योकी मला वाटलं होतं तेवढी अवघड निघाली नाही. उकडलेला बटाटा, मैदा, अंडं आणि मीठ मळायचं, वळकटी करायची, तुकडे पाडायचे. हे तर बटाट्याचे शेंगोळेच की! आमच्या नांदेडकडे हुलग्याचे करतात, तिकडे बटाट्याचे करतात, बाकी नखरा तेवढा परदेशी. फक्त प्रत्येक तुकड्यावर काट्याने रेघा पाडायच्या होत्या आणि आमच्या घरात काटाचमचा नावाची वस्तू नाही.

"कंगवा चालेल का?" ह्यांनी विचारलं आणि कपाटातून पाकिटातला कोरा करकरीत कंगवा काढून दिला. गुळगुळीत टक्कल असलेल्या माणसाने कंगवा कशासाठी जपून ठेवला होता, हे मी विचारलं नाही. आशेवर जग चालतं. गरम पाण्याने धुऊन घेतला आणि त्यावरून तुकडे असे सुरेख वळले की विचारू नका.

उकळत्या पाण्यात न्योकी टाकायची आणि वर तरंगली की काढायची. हे काम ह्यांना दिलं. जन्म रेल्वेत गेलेला, गाड्यांची वाट बघायची सवय. झारा हातात घेऊन पातेल्यापाशी उभे राहिले आणि ओरडायला लागले, "आली! आणखी दोन आल्या! ही एक लेट आहे."

आता राहिला मासा. मी सारंगला ऑफिसात फोन लावला.

"स्मोक करायचा म्हणजे नेमकं काय रे?"

तो बहुतेक मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. "अगं, धुरी द्यायची."

मी थबकले. आमच्याकडे दोन शब्द आहेत. कबाबाला, खिम्याला निखाऱ्यावर तूप सोडून देतात तो धुंगार. आणि आंघोळीनंतर तान्ह्या बाळाला देतात ती धुरी. मी खात्री करून घेतली. "धुंगार की धुरी? नीट सांग."

"अगं आई, तेच ते. धुरी, धुरी. ठेवतो."

मराठी चार ओळी वाचायच्या तर ज्याला घाम फुटतो, त्याच्या शब्दावर मी का विसंबले? कारण मला ते पटलं. गर्भारशीचं खाणं आहे, तर त्याला बाळाचीच धुरी देत असतील. स्विस लोक हुशार असतात असं ऐकून होते.

सामान घरात तयारच होतं. अपर्णाबरोबर पुण्याला पाठवायला मी केव्हाच जमवलं होतं. ऊद, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं. गॅलरीत शेगडी पेटवली. मरळीला हळद-मीठ लावून, आधी तव्यावर चांगली शिजवून घेतली. राख बसू नये म्हणून ह्यांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळली, तोंड तेवढं बाहेर ठेवलं, टोपलीत निजवली आणि टोपली शेगडीवर अलगद धरायला ह्यांना बसवलं. मग निखाऱ्यांवर मूठभर मसाला टाकला. असा घमघमाट सुटला म्हणता! सगळ्या बिल्डिंगमध्ये बाळंतिणीच्या खोलीचा वास भरला.

वरच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीचं, पद्मावतीगारूंचं, नाक मांजराचं आहे. त्या धापा टाकत जिना उतरल्या, हातात साखरेची वाटी. "भामाजी! कब हुआ? हमकू बोले बी नहीं! सातवे मेंच?"

मी स्वयंपाकघरात सायीत दूध फेटत होते. ऐकू आलं ते एवढंच की त्या काहीतरी झालं का विचारताहेत. "हौ, हौ, अब्बीच हुआ!" मी आतूनच आनंदाने ओरडले. "गॅलरी में है, दादा के पास! देखो जाके!"

गॅलरीत धुराने काही दिसत नव्हतं. पद्मावतीगारूंनी धुरकटलेला चष्मा काढला, टोपलीवर वाकल्या, फडक्यातून बाहेर आलेलं ते वासलेलं तोंड डोळे भरून पाहिलं, मग वर ह्यांच्याकडे पाहिलं आणि गहिवरून म्हणाल्या, "अच्चं तातय्य पोलिके!" म्हणजे, अगदी आजोबांवर गेलंय.

ह्यांना तेलुगू उत्तम येतं. पण खोकल्याने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना आणि टोपली सोडायची नाही असा माझा हुकूम होता. पद्मावतीगारूंनी बाळाच्या ओठाला साखर लावली, कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली आणि वर जाता जाता बिल्डिंगच्या ग्रुपवर बातमी टाकली.

अपर्णा तेव्हा मेट्रोत होती. तिथे तिला तिच्या बाळंतपणाचं वर्तमान कळलं.

ती घरात शिरली ती पर्स खांद्यालाच ठेवून. मागोमाग सारंग, त्याच्या हातात कुणीतरी वाटेतच कोंबलेला पेढ्यांचा पुडा. आणि त्यांच्यामागे आता चष्मा घातलेल्या, अपर्णाचं पोट जागेवर पाहून तोंड लपवत आलेल्या पद्मावतीगारू.

"आई," अपर्णा म्हणाली, "मला मुलगा झालाय म्हणे."

मी तिला हाताला धरून टेबलाशी बसवलं. "ते सोड. तू आधी गरम गरम खा." बशीत न्योकी वाढली, वर सायीचा दाट रस्सा, चीज, मिरपूड आणि त्यावर मरळीचे काटे काढलेले तुकडे. दिसायला असं देखणं की सारंगने फोटो काढला. सगळे तिच्या चमच्याकडे बघत उभे राहिले.

तिने घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला. डोळे मिटले.

"छा..." ती म्हणाली.

आता 'न' येणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तो आला असता तर मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले असते.

"आई, खरं सांगू?" चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. "हे भयंकर आहे."

सारंगचं तोंड त्या मरळीसारखं झालं.

"न्योकी चांगलीय. पण माशाला बाळाच्या टाळूचा वास येतोय! मी माझंच लेकरू सायीत बुडवून खातेय असं वाटतंय!" आणि ती हसायला लागली. एवढी हसली की पोट धरून बसली, पद्मावतीगारू पाणी आणायला धावल्या, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "सॉरी, आई. तुम्ही एवढं केलंत आणि..."

"सॉरी गेली खड्ड्यात!" मी म्हटलं. "बोल. अजून काय भयंकर आहे आमच्याकडे? बोल बाई, बोल."

आणि ती बोलली. धरण फुटावं तशी बोलली. आमटीत चिंच फार असते. सकाळी सहाला बाबांचा रेडिओ डोक्यात जातो. भांडी घासताना मी जी आदळआपट करते तिने बाळ पोटात दचकतं. आणि ती मोराची चप्पल घालून गेली त्या दिवशी तिच्या साहेबाने तिला तुमच्या गावात आज सण आहे का असं विचारलं. ह्यांनी चेहरा पाडला. मी मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, मला कानात कुणी अत्तराचा फाया ठेवल्यासारखं झालं होतं.

"आणि तुमची कढी," ती नाक पुसत म्हणाली. "कढीत साखर का नसते हो?"

इथे माझी मान थांबली. सुनेने बोलावं, मोकळेपणाने बोलावं, पण म्हणून काय वाट्टेल ते?

"साखर? कढीत?" मी म्हटलं. "कढी आहे की बासुंदी?"

"चिमूटभर हो!"

"चिमूटभर नाही की कणभर नाही! चार पिढ्या नक्को म्हणाल्या साखरेला."

"म्हणून चार पिढ्या आंबट तोंडाने फिरताहेत!"

"अपर्णा," सारंग घाबरून म्हणाला. "आई, तिची तब्येत..."

"तू मध्ये बोलू नको!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. पद्मावतीगारूंनी खुर्ची ओढून घेतली आणि हळूच बशीतली न्योकी मासा वगळून खायला लागल्या.

अपर्णा उठून उभी राहिली, एक हात कमरेवर, एक पोटावर. गाल लाल, केस विसकटलेले. एवढी सुंदर ती मला लग्नाच्या शालूतही दिसली नव्हती. "मला पुण्याहून परत येऊ द्या, आई. मग बघतेच. आपल्या घरात कढीत साखर पडणार म्हणजे पडणार."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, उत्तर तयारही होतं, चांगलं झणझणीत. पण 'आपल्या' या शब्दाशी माझी गाडी अडली ती पुढे सरकेचना. सुनेपुढे हरले असं कुणाला वाटायला नको, म्हणून मी गर्रकन वळून ह्यांच्यावरच ओरडले, "पेढे काय खात बसलात? आधी ती गॅलरीतली शेगडी विझवा!"