शून्याचा कुनाफा

दरवर्षी एप्रिलमध्ये आमचे हे अमेरिकेचा टॅक्सचा फॉर्म भरायचे आणि संध्याकाळी अल कुसैसच्या अरबी मिठाईच्या दुकानातून कुनाफा आणायचे. डबा उघडायच्या आधी हात वर करून ओरडायचे, "बानू, झिरो! या वर्षीपण टॅक्स झिरो!" मीही खुळी, लगेच बशा मांडायची. चोवीस वर्षं आम्ही त्या शून्याचं तोंड गोड केलं. आता कुनाफा दिसला की मी तोंड फिरवते.

हे म्हणजे शौकत. माणूस म्हसळ्याचा, पासपोर्ट अमेरिकेचा. लग्नाआधी साडेनऊ वर्षं न्यू जर्सीत राबले, मग इथं आखातात, जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर झाले. पासपोर्ट तिकडचा म्हणून इथं राहूनही फॉर्म भरायलाच लागायचा, पण इथल्या एवढ्याशा पगारावर तिकडचा टॅक्स बसायचा नाही. "ग्रीन कार्ड काढू, तिकडे जाऊ," असं मला कितीदा म्हणाले. मीच नको म्हटलं. तिथल्या थंडीत कोण मरायला जातंय! आणि यांना वाटायचं, फॉर्म वेळेवर जातोय म्हणजे तिकडची पेन्शनही वाढतेय. कुणाला विचारतील तर शपथ!

मागच्या वर्षी पासष्टीला नोकरी सुटली. ग्रॅच्युइटी आली तशी आमच्या इनायाच्या कॉलेजात गेली. मग यांनी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरवर आपला पेन्शनचा कागद उघडला. प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षाची कमाई लिहिलेली होती. २००१ पासून खाली नुसती शून्यं.

इनायाने सगळं वाचून समजावलं. तिथं काम केलं की वर्षाला जास्तीत जास्त चार पॉइंट मिळतात, चाळीस झाले की पेन्शन. यांचे अडतीस. इथल्या कंपनीने तिकडे काही भरलंच नव्हतं, आणि टॅक्सचा फॉर्म भरणं म्हणजे पेन्शनचे पैसे भरणं नव्हे. "अब्बा, यू नीड जस्ट टू मोअर," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घराला काहीतरी लागलं. हे भर दुपारी तो कागद घेऊन भिंतीवरच्या फोटोंसमोर उभे राहायचे. "दोन हजार सहा. इनाया झाली. इथं शून्य. दोन हजार अकरा. अम्मी गेली. इथंही शून्य. बानू, तेव्हा मी होतो ना गं?"

"होता! माझं डोकं खायला होता!" मी खेकसायची. पण अंगावर काटा यायचा.

एकदा मला घेऊन जबल अलीला गेले. ज्या गोदामात उभी हयात काढली, तिथं दुसऱ्याच कंपनीची पाटी. वॉचमनने नाव विचारलं, यादी चाळली. "ऐसा कोई नाम नहीं, चाचा." हे गाडीत येऊन बसले आणि आरशात स्वतःचं तोंड बघत राहिले. मी हाक मारली तरी वळले नाहीत. या अल्ला, मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

परतताना एवढंच म्हणाले, "माझं जाऊ दे. माझ्यामागे तुला काय, बानू? तू कशावर जगशील?"

आणि जानेवारीत निघाले. छातीत दोन स्टेंट, वय सहासष्ट, आणि न्यू जर्सीत भाच्याच्या, अबरारच्या, किराणा दुकानात खोकी उचलायला! मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. यांचं एकच, "तेरा हजार दिरहम कमवायचे, म्हणजे तीन लाख रुपये. तेवढ्यात दोन पॉइंट. मग खलास." व्हिडिओ कॉलवर मागे बर्फ दिसायचा आणि यांचे ओठ निळे. "मी ठीक आहे," म्हणायचे आणि धापा टाकायचे.

मार्चअखेर परत आले ते निम्मे होऊन. पण चेहरा कसा फुलला होता! एप्रिलमध्ये पेन्शनच्या ऑफिसातून फोन यायचा होता. यांनी सकाळीच जाऊन कुनाफा आणला, डबा उघडून मधोमध ठेवला, आणि फोन स्पीकरवर टाकला.

बाई गोड बोलत होती. चाळीस पूर्ण, पेन्शन मिळेल. शून्यंही सरासरीत धरतात, म्हणून थोडी मिळेल, पण मिळेल. यांनी माझा हात घट्ट धरला. "आणि मी गेल्यावर माझ्या बायकोला?"

बाईने नियम सांगितला. बायको अमेरिकन नसेल आणि देशाबाहेर राहत असेल, तर तिने तुमची बायको म्हणून पाच वर्षं अमेरिकेत काढलेली हवीत. नाहीतर काही देता येत नाही. "मॅडम तिथं आहेत का? मॅडम, तुम्ही अमेरिकेत किती वर्षं राहिलात?"

यांच्या हाताला अजून खोक्यांचे घट्टे होते. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काही वेगळं सांगणार आहे.

"झिरो," मी म्हटलं.