आठ आणि नऊच्या जोडावर

"चौदापैकी बारा मिळतील. आठ आणि नऊ संपलेत," रेघकाका म्हणाले, आणि समोरचा चष्मा पुसायचा रुमाल उगीच उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

आठ आणि नऊ संपलेले नव्हते. मागच्या लोखंडी कपाटात, खालून तिसऱ्या खणात दोन्हींचे गठ्ठे धूळ खात पडले होते. हे खोटं त्यांच्या तोंडून आपोआप निघालं होतं.

खिडकीबाहेरच्या बाईंनी हातातली यादी घडी न घालता तशीच धरली. साठी उलटलेली असावी, पण पाठ ताठ. "संपलेत म्हणजे? मधली दोन शीटं नसतील तर मी काय करू, तेवढी वाट उडत जाऊ?"

"छापायला टाकावी लागतील."

"म्हणजे माझ्या हयातीत नाही."

रेघकाकांना हसू आलं असतं, एरवी. नकाशा विक्रीच्या या खिडकीवर ते नऊ वर्षं बसत होते. त्याआधी तीस वर्षं वरच्या मजल्यावर काचेच्या टेबलाशी वाकून त्यांनी नकाशे काढले होते; पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस म्हणून हे नाव पडलं ते कायमचंच. वर यंत्रं आली तेव्हा काकांना खाली खिडकीत आणून बसवलं. त्याबद्दल त्यांनी कोणाकडे कुरकुर केली नव्हती. खिडकीवर यायचे ते कंत्राटदार, वनखात्याचे लोक, विहिरी खोदणारे. एक शीट, फार तर दोन. डोंगरधारेवरून जाणाऱ्या त्या लांब वाटेची चौदाच्या चौदा शीटं मागणारं, म्हणजे ती सगळी वाट पायी चालणार असलेलं माणूस आज पहिल्यांदाच आलं होतं.

"तीन ऑफिसं फिरून इथे आलेय," बाई म्हणाल्या. "फोनवर बघा म्हणून सगळे सांगतात. फोनवर नुसती रेघ येते. नुसत्या रेघेवर कोणी चालतं का? चढ किती, कडा कुठल्या अंगाला, पाणी कुठे, काही कळत नाही. बरं, राहू द्या. आठ-नऊ जुनी आहेत माझ्याकडे. नवी सुधारून निघाली असतील, म्हणून विचारलं."

"जुनी कशी काय?"

"आमच्या ह्यांनी घेतली होती. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा आठव्या शीटपर्यंत पोचलो होतो आम्ही, नवव्या दिवशी. मग परत फिरलो."

का फिरलात, हे विचारायची काकांना गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं.

"पाणी संपलं. सव्वीस किलोमीटरच्या त्या धारेवर थेंब नाही नकाशात. मेंढ्या चारणारा एक म्हातारा भेटला होता, म्हणाला, पुढे झरा आहे, जवळच आहे. मी म्हटलं, जाऊन तर बघू. ह्यांनी नकाशा उघडला, दोन्ही शीटं नीट बघितली. म्हणाले, छापलेलं खोटं नसतं, म्हातारा थापा मारतोय. फिरलो." बाईंनी यादी दुसऱ्या हातात घेतली. "शाळेत गणित शिकवायचे हे. परत येताना सगळी वाट मी त्यांना बोलत आले. मास्तर असून दोन माणसांच्या पाण्याचा हिशेब येत नाही, म्हटलं. ते नुसते चालत राहिले. पण पुन्हा बूट म्हणून घातले नाहीत त्यांनी. शेवटच्या आजारपणात गोळ्या मोजायला दिल्या तर म्हणायचे, तूच मोज बाई, माझ्या मोजण्यावर भरवसा नाही तुझा. थट्टेतच म्हणायचे."

"आता आहेत का ते?"

"गेल्या वर्षी गेले. म्हणून तर निघालेय. या वेळी दहा लिटर पाणी पाठीवर घेणार."

"या वयात? चढावर?"

"चाळीस वर्षं नर्स होते, पेशंट उचललेत. आणि करू काय? तुमच्या नकाशात पाणीच नाही तर."

काकांनी बारा शीटांची गुंडाळी करायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. "सिस्टर," ते म्हणाले, "उद्या या. ती जुनी आठ आणि नऊ घेऊन या. त्याआधी निघू नका."

"का?"

"उद्या सांगतो."

संध्याकाळी घरी त्यांनी पोळी तोडून ताटातच ठेवली. बायकोने दोनदा भाजी वाढली, दोन्ही वेळा त्यांनी 'नको' म्हटलं नाही आणि खाल्लीही नाही.

"एक बाई आली होती," ते म्हणाले.

"आठ-नऊची?" बायकोने विचारलं. तिला कसं कळलं म्हणाल तर या घरात काकांचं जेवण कडू करणारी दुसरी गोष्टच नव्हती.

समोरच्या भिंतीवर, पडवीच्या दाराशेजारी आठ नंबरचं शीट काचेत लावलेलं होतं. उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत काकांचं पूर्ण नाव. त्यांनी एकट्याने काढलेलं ते पहिलं शीट. लग्न ठरवायला आलेल्या सासऱ्यांना त्यांनी हेच दाखवलं होतं, भिंग देऊन. त्यांचं नाव छापील असं जगात आणखी कुठेही नव्हतं.

नऊ नंबरचं शीट डावखुऱ्याने काढलं होतं. डावखुरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, काकांचा जिवाभावाचा मित्र. त्या वर्षी दोघांत बिनसलं, आणि कशावरून तर खिडकीजवळच्या टेबलावरून. त्या टेबलावर उजेड उजवीकडून यायचा. डाव्या हाताने काम करणाऱ्याला तो सोयीचा, उजव्या हाताच्या माणसाला अगदी गैरसोयीचा, आपल्याच हाताची सावली रेघेवर पडायची. पण काका दोन वर्षांनी वरिष्ठ. त्यांनी केवळ हक्क म्हणून ते टेबल घेतलं, सावलीत चाचपडत काम केलं, पण सोडलं नाही. दीड महिना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

ऑफिसचा नियम असा होता की दोन शीटं पुरी झाली की दोघांनी ती काचेवर शेजारी शेजारी लावायची आणि जोडावरून जाणारी एकेक गोष्ट मोठ्याने वाचायची: ओढा, हो, कुंपण, हो, पायवाट, हो. आणि नेमकी जोडावर येणारी गोष्ट डावीकडच्या शीटवाल्याने काढायची. मोठ्याने वाचायचं म्हणजे बोलायला हवं. दोघांनीही न बोलता, वेगवेगळ्या वेळी जाऊन, रजिस्टरात 'जोड तपासला' म्हणून सह्या ठोकल्या.

पुढे टेबलही गेलं आणि भांडणही गेलं. डावखुरा आजारी पडला तेव्हा काका रोज त्याच्याकडे जाऊन बसत. एकदा तो सहज म्हणाला, "त्या जोडावरचा झरा तू काढलास ना रे? मोजणीच्या वहीत होता, बारमाही म्हणून." काका म्हणाले, "मला वाटलं, तू काढलास." दोघं खूप हसले. मग डावखुऱ्याला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर कोणीच हसलं नाही. "दुरुस्ती कर," तो म्हणाला, "पण मला त्यात आणू नकोस. खोटी सही केली म्हणून पोरं माझं नाव ऐकतील." पुढच्या आठवड्यात तो गेला.

काकांनी दुरुस्ती केली नाही. अर्ध्या चुकीचा धनी वर गेलाय, आपण आपली अर्धी कशी सांगायची, असं त्यांनी स्वतःला अकरा वर्षं समजावलं. खरं कारण काचेत लावलेलं होतं. दुरुस्त होऊन निघालेल्या नव्या शीटांवर आरेखकाचं नाव छापत नाहीत.

"सांगून टाका," बायको ताट उचलताना म्हणाली. "चार महिन्यांनी तुम्ही रिटायर. मग कोणाला सांगणार, मला? मला सतरा वेळा सांगून झालंय."

दुसऱ्या दिवशी सिस्टर दहाच्या ठोक्याला हजर. काकांनी त्यांना खिडकीवर उभं न करता आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यांनी पिशवीतून काढलेली दोन्ही शीटं मधोमध चिकटपट्टीने जोडलेली होती. पट्टी पिवळी पडली होती. तिच्या डावीकडे, वाटेवरच, पेन्सिलीची एक बारीक फुली.

"ही?"

"इथून फिरलो. ह्यांनीच केली खूण."

काकांनी कपाटातून मोजणीची जुनी वही काढली, पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सिस्टरनी चष्मा लावून वाचलं. मग नकाशा बघितला. मग परत वही.

"झरा आहे," काका म्हणाले. "नेमका या जोडावर येतो. जोडावरचं डावीकडच्याने काढायचं असतं. डावीकडचं शीट माझं. हे नाव दिसतंय ना, हा मी. मी काढला नाही. ते म्हातारबाबा खरं सांगत होते."

सिस्टरनी पिवळ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"आटलेला नाही. तिकडून जो जो खिडकीवर येतो त्याला मी विचारतो. दोन महिन्यांपूर्वी वनरक्षक आला होता, तिथलंच पाणी पिऊन आला होता."

"किती लांब?" त्यांनी विचारलं. आवाज पेशंटचं टेंपरेचर विचारावं इतका सपाट होता.

काकांना मोजायची गरज नव्हती, नजरेनेच कळलं होतं. तरी त्यांनी कंपास घेतला, एक टोक फुलीवर ठेवलं, दुसरं पट्टीवर, आणि खालच्या मोजपट्टीला लावून पाहिलं. "चारशे मीटर."

बाहेर कोणीतरी खिडकीवर टकटक केली. काकांनी लक्ष दिलं नाही, टकटक करणारा निघून गेला.

"परत येताना सगळी वाट मी त्यांना बोलत होते," सिस्टर म्हणाल्या. "आणि चारशे मीटर."

"तुमचं चुकलं नाही. त्यांचंही नाही. माझं चुकलं."

"ते कळलं मला," त्या म्हणाल्या. ते रागाने होतं की कसं, काकांना सांगता आलं नसतं. त्यांना त्या खुर्चीसमोर उभं राहवत नव्हतं, आणि बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

थोड्या वेळाने काकांनी कपाटातला गठ्ठा आणला. "ही नवी आठ-नऊ. काल खोटं बोललो, संपलेली नाहीत. यावर झरा काढून देतो."

"नव्यावर नको." सिस्टरनी जुनीच जोडी त्यांच्याकडे सरकवली. "ह्यावर काढा. मी हीच नेणारेय."

चिकटपट्टीवर शाई धरत नाही. काकांनी ब्लेडच्या टोकाने पट्टीचा तेवढा तुकडा अलगद सोडवला, कागदाचा पापुद्रा निघू न देता. वरखालची पट्टी तशीच राहू दिली. निबाचं जुनं पेन खणातून काढून धुतलं. निळ्या शाईची दौत हलवून बघितली. बारमाही झऱ्याची खूण म्हणजे एक भरीव निळा ठिपका आणि त्यातून निघणारी बारीक शेपटी. ठिपका अर्धा त्यांच्या शीटवर पडला, अर्धा डावखुऱ्याच्या.

"वाळायला किती वेळ?"

"दहा मिनिटं. टिपकागद लावला तर फिकट होईल."

सिस्टर बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दोन्ही तळहातांवर नकाशा आडवा धरून, कुठेही न कलंडू देता, दहा मिनिटं तशाच बसल्या. मग घडी घातली, बारा शीटांची गुंडाळी काखेत मारली आणि खिडकीशी येऊन म्हणाल्या, "चार लिटर पुरेल ना मग?"

"चार पुरेल," काका म्हणाले.

त्या गेल्यावर काकांनी दुरुस्तीचा फॉर्म मागवला. तो घेऊन वरच्या मॅडम स्वतःच खाली आल्या. त्यांचं वय काकांच्या नोकरीपेक्षा कमी होतं. "काका, आता कशाला? चार महिने राहिलेत. 'नवीन माहिती मिळाली' एवढंच लिहा, नाव कशाला घालता?"

"माहिती नवीन नाहीये, मॅडम. जुनीच आहे."

मॅडम फॉर्म टेबलावर ठेवून वर गेल्या. काकांनी चष्मा पुसला. 'चूक कोणाची' या रकान्यात त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, घाई न करता, शीटच्या कोपऱ्यात आहे त्याच मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याखाली 'जोड तपासणाऱ्या दुसऱ्या आरेखकाचं नाव' असा रकाना होता. तिथे त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारली. पट्टी लावली नाही.