ज्या पेपरात कुणी मरत नाही

आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ वैद्यनाथ, सकाळी फिल्टर कापीचा टंबलर हातात घेऊन पेपर उघडतो तो थेट निधनवार्तांच्या पानावर. कोण गेलं ते कळल्याशिवाय आपण उरलोय यावर त्याचा विश्वास बसत नाही.

आणि अशा बापाला गंडवायला निघाली आमची हरिता! तिला प्रणवेशशीच लग्न करायचं होतं. दोन हजार साल ते. गल्लोगल्ली ब्राउझिंग सेंटरं निघाली होती, त्यातलं एक त्याचं. अण्णाचं एकच पालुपद, "त्याला ओळखतं कोण? पेपरात नाव आलंय कधी?"

झालं! दोघांनी इंटरनेटवर पेपरच काढला, 'तंजोर मॉर्निंग'. वरच प्रणवेशचा फोटो आणि दिल्लीत त्याला बक्षीस मिळाल्याची बातमी. अण्णाला दाखवण्याआधी हरितानं मला नेलं. मी चष्मा लावून पावसाची बातमी दाबली, क्रिकेटची दाबली. कुठेही दाबा, प्रणवेशच दात काढून उभा!

"अगं बाई, या पेपरात कुणी मरतच नाही? तुझा बाप लगेच ओळखेल. मारा कुणाला तरी!"

मारलं. पण कुणाला? पापनाशमच्या सदाशिवाला! अण्णाचा सख्खा चुलतभाऊ. एका मुंजीच्या पंगतीत त्यानं अण्णाला सांबार उशिरा वाढलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बोलणंच नाही तर खरंखोटं बघायला जातंय कोण, असं हरिताचं डोकं.

रविवारी अण्णा सेंटरवर संगणकासमोर बसला. प्रणवेशच्या बक्षिसाकडे ढुंकूनही बघितलं नाही. "मेलेले कुठे आहेत?" म्हणाला. वाचलं, तसाच अनवाणी घरी आला आणि डोक्यावरून पाणी ओतून घेतलं.

"दहा दिवस सुतक. लग्नाचं नाव काढायचं नाही."

बोलणं तुटतं, सुतक तुटत नाही. एवढंही या कार्टीला ठाऊक नव्हतं! अण्णानं ओली वेष्टी सोडून कोरडी नेसली आणि पापनाशमची बस धरली. आता सगळं संपलं, म्हणत हरिता रडत बसली. माझंही धाबं दणाणलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी अण्णा परतला. डोळे सुजलेले.

"दार सदाशिवानंच उघडलं. मी गळ्यात पडून रडलो. कशासाठी ते न कळताच तोही रडला. मग म्हणाला, जेवून जा."

"सांबार?" मी विचारलं.

"वेळेवर वाढलं." मग दाराआडच्या हरिताला ऐकू जाईल असं म्हणाला, "तो पेपर साफ खोटा आहे. कुणी काढला तेही कळलंय मला. पानोपानी एकाच गाढवाचा फोटो!"

हरिता दाराआडून अर्धी बाहेर आली.

"पण आपले खरे पेपर माणूस गेल्यावर सांगतात. या गाढवानं तो जिवंत असताना सांगितलं. उद्या जेवायला बोलवा त्याला." उठता उठता माझ्याकडे वळला. "आणि सांबार आधी वाढ."